तंबोऱ्याच्या खुंट्या आणि 600 चौरस फूट मिरज

मिरजेतल्या एका खासगी इमारतीची 40 बाय 15 फुटांची भिंत रंगवायला मिळाली, तेव्हा मला गाव सोडून नऊ वर्षं झाली होती. "मिरज दिसली पाहिजे, बाकी तुमच्यावर," एवढीच मालकांची अट. असं मोकळं काम मिळालं की नवखा माणूस हुरळतो. मीही पहिल्या स्केचमध्ये सगळं कोंबलं: दर्गा, मिशन हॉस्पिटल, स्टेशन, गणपतीच्या स्वागतकमानी. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण कॅलेंडर वाटतंय."

ते स्केच गुंडाळून ठेवलं आणि चार दिवस सतारमेकर गल्लीत जाऊन बसलो. लहानपणी क्लासला जाताना रोज तिथून सायकल मारायचो, पण थांबलो कधीच नव्हतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घरं एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, हेसुद्धा मला तिथेच बसून कळलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत मात्र भोपळे तसेच वाळत पडलेले, तून लाकडाचा भुसा तसाच पायाला लागणारा. तिथे चित्र सापडलं: भिंतभर आडवा एकच तंबोरा, आणि त्याच्या तारा पुढे जाता जाता रेल्वेचे रूळ होतात. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. त्यामुळे तीन रुंदीचे रूळ काढायला निमित्तही मिळालं.

रुळांवर मी पाण्याची गाडी काढली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेली तीच, पहिल्या खेपेला दहा टँकरांची. मालक म्हणाले, "दुष्काळ कशाला भिंतीवर?" मी म्हटलं, दुष्काळ लातूरचा, पाणी आपलं. पटलं त्यांना, पण गाडी लहान करून घेतली. अशा वेळी अडून बसू नका. कल्पना वाचत असेल तर आकार सोडून द्यावा.

आता भिंतीबद्दल. रंगाआधी भिंत तपासायची, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आत थेंब जमले तर भिंतीत ओल आहे, आणि त्यावर कितीही महागडा रंग लावला तरी पोपडे येणारच. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबा. घरातली पुट्टी बाहेर वापरू नका. भिंत पश्चिमेकडे असेल तर भडक गुलाबी-पिवळ्याचा मोह टाळा, ते उन्हात आधी उडतात. गेरू, पिवळी माती असे ऑक्साइडचे रंग टिकतात. आणि पहाडाचं, म्हणजे उभं राहून रंगवायच्या परांचीचं, भाडं कोटेशनमध्ये वेगळं लिहा. मी ते चौरस फुटाच्या दरात धरलं, पावसानं काम आठ दिवस लांबलं आणि भाडं माझ्या खिशातून गेलं.

कागदाचं तर अजूनच महत्त्वाचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून करार हवाच. कलम 57 मात्र तुमच्याकडेच राहतं: चित्राची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लावला तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत द्यायला सांगितलं, वर 5 लाखांची भरपाईही. सव्वीस वर्षं गेली त्यात. म्हणून भिंत पुन्हा रंगवायची झाली तर आधी कळवावं, ही एक ओळ मी आता प्रत्येक करारात घालतो.

खरी परीक्षा पहाडावर चढल्यावर झाली. चौकोन आखून तंबोरा उतरवला, रंग भरला, मान पूर्ण केली. सहाव्या दिवशी खालून एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत होते. शेवटी ओरडले, "ओ पेंटर! चारी खुंट्या एकाच बाजूला? गिटार हाय काय ते?"

चार दिवस गल्लीत बसून मी भोपळे पाहिले, हात पाहिले, भुसा पाहिला, आणि खुंट्या फोन बघून काढल्या! तंबोऱ्याला दोन खुंट्या समोर आणि दोन्ही कडांना एकेक. खाली उतरलो. त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं भिंतीवर, कंबरेच्या उंचीला, पूर्ण मान काढून दाखवली. घोडीचा, म्हणजे तारांखालच्या पट्टीचा, उतार कसा असतो, तारेला गुंजन देणारी जवारी कुठे लावतात, तेही.

दोन दिवस जास्त लागले. मालकांना कारण सांगितलं, तर ते म्हणाले, "मग ते खालचं पेन्सिलीचं पुसू नका." त्यावर फक्त पारदर्शक कोट मारला. ते गृहस्थ उरुसात दर्ग्याच्या संगीतसभेला भेटले, तेव्हा म्हणाले, "मान बरी झाली. भोपळा अजून थोडा चपटा हाय."

पुढच्या उन्हाळ्यात भिंतीची उजवी कड दुरुस्त करायची आहे, तेव्हा भोपळाही बघतो.