डोळे आणि विसर एकाच कागदावर: घराण्याची आजार-वंशावळ कशी काढावी

महसूल खात्यात एकतीस वर्षं मी वारसनोंदी केल्या. कोण निपुत्रिक वारलं, कोण दत्तक गेलं, कुणाची बहीण नोंदीतून राहिली, हे सगळं तपासून सही करायचो. आणि माझ्या स्वतःच्या आजोळी चार माणसांना डोळ्यांचा त्रास होता, त्यातल्या दोघांना पुढे विसरही पडला, हे मला आई गेल्यावर दीड वर्षानं कळलं. तुमच्या घरी असं होऊ नये, म्हणून हा कागद कसा करायचा ते सविस्तर सांगतो.

आई संध्याकाळी निरांजन लावायची. काडी ओढायची आणि वातीच्या बोटभर डावीकडे हवेतच धरायची. ज्योत नखापाशी येईपर्यंत धरून ठेवायची, मग म्हणायची, "वात ओली आहे रे." आम्ही समजलो, आईचं डोकं आता साथ देत नाही. स्मृतीची तपासणी झाली तीही चष्म्याशिवाय. घड्याळाचं चित्र काढायला दिलं आणि तिला कागदावरची रेघच दिसत नव्हती. त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचा आलेख काढला तेव्हा निम्म्याहून जास्त भाग काळा निघाला. काचबिंदू होता. विसरही होता. पण दोन्ही वेगळे ओळखायला आम्ही दोन वर्षं घालवली.

तर कागद. चित्रकलेचा मोठा कागद आडवा घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. आईचं माहेर आणि वडिलांचं घराणं, दोन्ही पूर्ण. आपल्याकडे पुष्कळ घरांत मामाची किंवा आत्याची मुलगी केलेली असते. तिथे नवराबायकोमध्ये दुहेरी रेघ मारा, डॉक्टरांच्या दृष्टीनं ती मोलाची असते. डोळ्यांचं सगळं निळ्या शाईनं, विसराचं लाल शाईनं. नावं मिळत नसतील तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं सापडतात. आजार मात्र तिथे नसतात, ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनच काढावे लागतात.

आणि खरं कौशल्य इथेच आहे. "आजीला काचबिंदू होता का?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "काय की बाबा, वयच झालं होतं." मी सासवडच्या मावशीला फोन केला आणि विचारलं, "मावशी, आजी ताटात हात फिरवून चटणी शोधायची का गं?"

"हो रे! आणि उंबऱ्याला ठेच लागायची रोज. तुला कसं कळलं?"

कडेची नजर आधी जाते तो काचबिंदू. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही पण बाजूची खिडकी दिसते, दाराची चौकट वाकडी वाटते, तो डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा, म्हणजे मॅक्युलाचा आजार. थेंब किती वर्षं घातले, ऑपरेशन मोतीबिंदूचं की दुसरं कसलं, हेही विचारा. विसराबद्दल विचारताना: तीच गोष्ट तासात तीनदा सांगायचे का, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकले का, की आधी स्वभाव बदलला आणि विसर नंतर आला? निदान ठाऊक नसेल तर निदान लिहू नका, लक्षण लिहा.

वय काढायला सनावळी कामाची नाही, प्रसंग धरा. मी विचारलं, "पानशेत फुटलं तेव्हा आजीला दिसत होतं?" मावशी म्हणाली, "दिसत होतं म्हणजे काय, तीच आम्हा चौघांना घेऊन पर्वती चढली." पूर १२ जुलै १९६१चा. आजीचा जन्म १९०९चा. म्हणजे बावन्नाव्या वर्षी नजर शाबूत होती. कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, कुणाचं लग्न, अशा खुणांनी वय दोन-तीन वर्षांच्या आत बसतं. हे वय फार महत्त्वाचं. पासष्टीच्या आत विसर सुरू झालेले दोन-तीन जण एकाच घराण्यात, पिढीमागून पिढी दिसले, तर न्यूरॉलॉजिस्टकडे आवर्जून बोला. ऐंशीनंतरचा विसर वेगळा, तिथे वयाचाच वाटा मोठा असतो.

निळी आणि लाल शाई एकाच माणसाजवळ दिसली की पोटात गोळा येतो. मलाही आला. डोळ्याचा पडदा आणि त्यामागची नस गर्भात मेंदूपासूनच फुटतात, त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, तेव्हा दोन्हीकडे काही जनुकं सामाईक असणं नवल नाही. पण सामाईक म्हणजे एकाच दिशेनं ओढणारं, असं नाही. १९व्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक आहे. त्याचा ई४ हा प्रकार अल्झायमरचा, म्हणजे विसराच्या सर्वांत नेहमीच्या आजाराचा, धोका वाढवतो, हे १९९३ पासून माहीत आहे. तोच ई४ म्हातारपणी मॅक्युला झिजण्याचा धोका कमी करतो. ई२ चं नेमकं उलट. टीबीके१ या दुसऱ्या जनुकाचं तर आणखी विलक्षण: त्याची जादा प्रत असेल तर डोळ्याचं प्रेशर न वाढताही काचबिंदू होऊ शकतो, आणि ते नीट काम करेनासं झालं तर एका प्रकारचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृती-बुद्धी ढासळण्याचा आजार, किंवा स्नायू चालवणाऱ्या नसा झिजवणारा एएलएस हा आजार. ही कुटुंबं फार थोडी. मॅक्युलाच्या आजारात २००५ मध्ये सापडलेलं सीएफएच हे महत्त्वाचं जनुक आहे, पण त्यावरून विसराचं भाकीत कुणी करू नये.

म्हणून माझं स्पष्ट मत: कागद झाला की लगेच मुलांची जनुक-चाचणी करायला पळू नका. ई४ असूनही विसर न पडणारे आहेत, नसूनही पडणारे आहेत. चाचणीची गरज वाटलीच तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे बसा, कागद घेऊन. त्याआधी बी१२ आणि थायरॉइड तपासा. आपल्या शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं नवीन नाही, आणि त्याच्या कमतरतेनं विसरही पडतो, डोळ्याची नसही दुखावते. मधुमेह आणि वर्षानुवर्षं घेतलेलं स्टिरॉइड हेही निळ्या शाईत नोंदवा. स्टिरॉइडचं कारण वारशाचं नाही.

पळायचंच असेल तर डोळे तपासायला पळा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पट असतो. आमच्या ताईला मी कोथरूडहून रिक्षानं घेऊन गेलो, ती वाटभर म्हणत होती, "मला चांगलं दिसतंय रे." चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. प्रेशर, बाहुली मोठी करून नसेची तपासणी, आणि नजरेचा आलेख, तिन्ही मागा. ताईची उजवी नस खराब व्हायला लागलेली निघाली. थेंब सुरू झाले. एकदा गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते.

कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक डोळ्यांच्या डॉक्टरांना, एक स्मृतीच्या. दोघांना एकमेकांची औषधं सांगा. स्मृतीच्या तपासणीला चष्मा घालून जा आणि नजर किती आहे ते आधीच बोला. मोतीबिंदू पिकला असेल तर "आता या वयात कशाला" म्हणत बसू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत उपचार न केलेली कमी नजर घातली आहे.

विसर पडलेल्या माणसाचे थेंब हे घरच्या एका माणसाच्या नावावर हवेत. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि थेंब टाकल्यावर नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची ती थेंब पडल्यावर, आधी नाही. ताईच्या घरी हे काम तिची नात करते. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, आमच्या सगळ्यांच्या खाली, तिचा गोल अजून कोरा आहे.