नगराध्यक्षपदावरून आमदारकीकडे: अर्जापूर्वीची तयारी

नगरपालिकेचं गणित विधानसभेला चालत नाही, हे आधी मनावर घ्या. सावंतवाडी मतदारसंघच बघा : सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग असे तीन तालुके. दीपक केसरकर सावंतवाडीचे नगराध्यक्ष होते, 2009 मध्ये ते याच मतदारसंघातून आमदार झाले. शहरात प्रभागाची यादी पुरते, गावात वाडीवार यादी लागते. प्रत्येक वाडीतला एक माणूस आणि मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन नंबर गणपतीतच लिहून घ्या, कारण तेव्हा सगळे घरी असतात. भातकापणीत दिवसा सभा ठेवू नका, संध्याकाळी खळ्यात बसा.

आता कागद. वय 25 पूर्ण हवं. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 5,000. मान्यताप्राप्त पक्षाला सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार, एक, अपक्षाला दहा, आणि सगळे त्याच मतदारसंघातले. ए-बी फॉर्म, म्हणजे तुम्हीच पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचलाच पाहिजे.

घात होतो तो नमुना 26 च्या, म्हणजे मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे सांगायच्या शपथपत्रात. एकही रकाना कोरा सोडू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. नोटीस मिळूनही कोरा राहिला तर अर्ज बाद होतो. तुमच्या नावावर राज्य सरकारच्या कामाचा ठेका चालू असेल तर वकिलाला आधीच दाखवा. त्यानं अपात्रता येऊ शकते.

खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. मर्यादा 40 लाख. मंडपवाल्याची पावती त्याच दिवशी घ्या. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा असतो. तो चुकला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.