जपानी लढाऊ विमानांच्या मॉडेलवर आफ्टरमार्केट डिकल कसे बसवावेत

जुन्या किटमधले डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चिन्हं, जाड असतात, त्यातला पांढरा पिवळट दिसतो आणि हिनोमारू, म्हणजे तो लाल गोळा, नको तितका भडक असतो. म्हणून आपण दुसऱ्या कंपनीची वेगळी, म्हणजे आफ्टरमार्केट, शीट मागवतो. पण शीट वेगळी घेतली म्हणजे ती बरोबर असेलच असं नाही. कात्री उचलण्याआधी ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचा युद्धकाळातला फोटो शोधा आणि शीट त्याच्याशी ताडून पाहा.

काय पाहायचं? ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर गेलेली झिरो ही नौदलाची लढाऊ विमानं मित्सुबिशीने बांधलेली होती. त्यांच्या राखाडी अंगावरच्या हिनोमारूला पांढरी कड नव्हती. नाकाजिमाच्या कारखान्यातल्या झिरोंना मात्र राखाडी रंगातही अंगावर पांढरी कड असायची. शेपटीजवळचे पट्टे विमान कोणत्या विमानवाहू जहाजाचं ते सांगतात: अकागीचा एक लाल, कागाचे दोन लाल, सोर्यूचा एक निळा, हिर्यूचे दोन निळे, शोकाकूचा एक पांढरा, झुइकाकूचे दोन पांढरे. शेपटीवर एआय-१५५ (एआय म्हणजे अकागी) आणि अंगावर दोन पट्टे असतील, तर ती शीट चुकली आहे. लष्कराच्या हायाबुसा या लढाऊ विमानावर युद्धाच्या सुरुवातीला हिनोमारू फक्त पंखांवर असायचा, अंगावर नसायचा. ब्रह्मदेशात लढलेल्या ६४व्या सेंताईची (हवाई रेजिमेंटची) सुरुवातीची विमानं करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दोन गोष्टींसाठी डिकल वापरूच नका. पंखांच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टी आणि मायदेशाच्या संरक्षणातल्या विमानांवर हिनोमारूमागे असायचे ते रुंद पांढरे पट्टे, दोन्ही मास्किंग टेप लावून रंगवा. गोलाईवर सपाट पट्टी बसवायला दोन संध्याकाळी जातात आणि कोपऱ्यात सुरकुती राहतेच. रंगवायला अर्धा तास लागतो.

आता लाल रंगाची परीक्षा. शीटवरचा एखादा जादा गोळा टाकाऊ प्लॅस्टिकवर मारलेल्या गडद हिरव्या रंगावर लावा. लाल रंगाखाली पांढऱ्याचा थर नसेल तर गोळा तपकिरी पडतो. तसं झालं तर मॉडेलवर हिनोमारूच्या जागी आधी पांढरा गोल मारा, व्यास डिकलपेक्षा किंचित कमी ठेवा. पांढऱ्या कडेची जाडीही मोजा. नौदलाच्या विमानांवर ती ७५ मिलिमीटर होती, म्हणजे १/४८ प्रमाणाच्या मॉडेलवर सुमारे दीड मिलिमीटर आणि १/७२ मध्ये एक. छपाईत लाल गोळा एका बाजूला सरकलेला असेल आणि कड इकडे जाड, तिकडे बारीक दिसत असेल, तर ती शीट बाजूला ठेवा. बसवल्यावर तो दोष झाकता येत नाही.

रंग पूर्ण वाळला की ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात द्या आणि दोन दिवस थांबा. पावसाळ्यात चार दिवस. मॅट रंगावर थेट डिकल लावायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि डिकलच्या पारदर्शक फिल्मखाली चंदेरी चकाकी येते.

डिकल कापा. फिल्म सलग असेल तर चिन्हाच्या अगदी कडेने कापा. दहा-पंधरा सेकंद पाण्यात बुडवून टिश्यूवर ठेवा. तो कागदावर आपोआप सरकू लागला की तयार झाला; पाण्यातच सुटू दिलात तर गोंद धुऊन जातो. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग वार्निशखाली कायमचे राहतात.

लहान खुणा आणि शेपटीचे आकडे सेटर (डिकल जागेवर पक्का करणारं द्रव) लावून बसवा, टिश्यूने टिपा, झालं.

मोठा हिनोमारू मात्र घाई सहन करत नाही. नाकाजिमाच्या हायाते या लढाऊ विमानाच्या पंखावर मी पहिल्यांदा मिस्टर मार्क सॉफ्टर हे डिकल मऊ करणारं द्रव वापरलं, तेव्हा पाच मिनिटांत गोळ्याला सुरकुत्या पडल्या. डिकल वाया गेला असं वाटून मी ब्रशने त्या सरळ करायला गेलो. फिल्म लोण्यासारखी मऊ झाली होती. गोळा मधोमध फाटला आणि ब्रशला लाल लगदा चिकटून आला. त्या शीटवर दुसरा गोळा नव्हता. सुरकुत्या पडणं हेच सॉफ्टरचं काम आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. फिल्म फुगते, सैल होते आणि वाळताना पॅनेलच्या कोरलेल्या रेषांत खाली बसते.

माझा क्रम असा. जागेवर सेटरचा थेंब, त्यावर डिकल, आणि ओला असतानाच जागा पक्की करायची. फोटोत गोळ्याची कड कोणत्या पॅनेलरेषेला टेकते ते पाहून तिथेच टेकवा. अंदाजाने मध्य काढू नका. मग ओलसर कॉटन बड मध्यापासून बाहेर हलकेच फिरवून पाणी काढा आणि अर्धा तास सोडून द्या. त्यानंतर सॉफ्टरचा एकच पातळ हात द्या, ब्रश एकदाच फिरवून. आता खोलीतून बाहेर जा. हे मी अक्षरशः सांगतोय, कारण समोर बसलात तर हात जातोच. दोन तासांनी पाहा. रेषा उमटल्या नसतील तर दुसरा हात, गरज पडली तर रात्री तिसरा. एकदम भरपूर ओतू नका, त्याने पातळ छपाईचा रंग विरघळतो. गोळा एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) फटीवर येत असेल तर पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडने फटीवर चीर द्या आणि तिथेच सॉफ्टर लावा, कडा आपोआप आत वळतात. मायक्रोस्केल कंपनीचं द्रव वापरत असाल तर निळं लेबल जागा पक्की करण्यासाठी आणि लाल लेबल मऊ करण्यासाठी. बाटल्यांची अदलाबदल करू नका.

दुसऱ्या दिवशी दिवा बाजूने धरून बघा. कुठे चंदेरी ठिपका दिसला तर बारीक सुईने त्यात दोन-तीन भोकं पाडा आणि सॉफ्टरचा थेंब सोडा. तीनदा करूनही गेला नाही तर खालचा ग्लॉसच कमी पडलाय. डिकल टेपने काढून त्या जागी पुन्हा वार्निश द्या.

जुनी शीट असेल तर नको असलेलं एक चिन्ह आधी पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर लिक्विड डिकल फिल्मचा हात द्या, वाळू द्या आणि मगच प्रत्येक चिन्ह कापा.

डिकल सुकले की त्यांवर पुन्हा ग्लॉस द्या, मग पॅनेलरेषांत पातळ गडद रंगाचा वॉश आणि शेवटी मॅट वार्निश. मॅटआधी डिकलची कड बोटाला लागत असेल तर ग्लॉसचा आणखी एक हात द्या, दोन हजारच्या ओल्या पॉलिश पेपरने हळुवार घासा आणि मगच मॅट मारा.