‘वॉल्डन’ कसे वाचावे

वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या घरात राहिल्याच्या अनुभवावरचे हेन्री डेव्हिड थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) हे पुस्तक हाती घेण्यापूर्वी अमेरिकी विचारवंत इमर्सनचा ‘नेचर’ हा १८३६ मधील छोटा ग्रंथ वाचावा; निसर्गातील वस्तू आत्मिक सत्याची प्रतीके असतात, हा अतींद्रियवादाचा, म्हणजे या दोघांच्या विचारधारेचा, गाभा तेथे उघडपणे मांडलेला आहे. ‘वॉल्डन’चे पहिले, लांबलचक प्रकरण रुक्ष वाटले तरी गाळू नये, कारण घर बांधण्याच्या २८ डॉलर साडेबारा सेंटच्या हिशेबातूनच, माणसाला जगायला खरोखर किती लागते, हा प्रश्न उभा राहतो.

खरे रेंगाळावे ते तळ्याच्या हिवाळ्यातील वर्णनापाशी. १८४६ च्या आरंभी थोरोने दोरीला दगड बांधून तळ्याची खोली मोजली. ती १०२ फूट भरली आणि तळ्याला तळच नाही ही लोकांची समजूत खोटी ठरली. त्याच ठिकाणी तो, हे तळे प्रतीक व्हावे इतके खोल आणि निर्मळ आहे, याबद्दल कृतज्ञताही व्यक्त करतो. मोजमाप कुठे थांबते आणि चिंतन कुठे सुरू होते, तिथे समासात खूण करावी; माझ्या मते थोरोची थोरवी या सांध्यातच आहे. वसंताच्या प्रकरणात, रेल्वेमार्गाच्या उतारावर ओघळणाऱ्या वाळूला पानांचे आकार येतात तेव्हा, हाच सांधा पुन्हा शोधावा.