कडाक्याच्या थंडीत कोंबड्या घरात ठेवायच्या तर

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, शिकागो किंवा कॅनडाकडे राहून परसात तीन-चार कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. २०१९ च्या जानेवारीत पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाकडची अतिथंड हवा, खाली आला तेव्हा शिकागोत पारा उणे ३० सेल्सियसच्या खाली गेला होता, अशा वेळी खुराड्याकडे बघून जीव कासावीस होतोच. पण आधी एक सांगते, कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश असतं आणि पिसं फुगवून ती बरीच थंडी आरामात काढते. थंडीपेक्षा तिला ओल जास्त छळते. खाली जे काही सांगितलंय ते सगळं त्या ओलीभोवतीच फिरतं.

आधी ठरवा कोणाला आत आणायचं. प्लायमाउथ रॉक, ऑर्पिंग्टन, वायनडॉट या दणकट जाती कोरड्या, वारा न लागणाऱ्या खुराड्यात शून्याच्या बऱ्याच खालीही ठीक राहतात. मोठ्या तुऱ्याची लेगहॉर्न, पावसाबर्फात लगेच भिजणारी सिल्की, पिसं झडत असलेली किंवा आजारी कोंबडी, हिला मात्र आत घ्या. आणि एकटीला कधीच आणू नका, सोबत एक मैत्रीण आणाच.

जागा म्हणजे गॅरेज किंवा तळघर, स्वयंपाकघर अजिबात नाही. एक तर साल्मोनेलाची, म्हणजे कोंबड्यांकडून माणसाला होणाऱ्या पोटाच्या जंतुसंसर्गाची भीती, घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तर जास्तच, कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचेच आणि कितीही लाड आले तरी तोंडाजवळ घ्यायचं नाही. दुसरं म्हणजे नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मिनिटांत मारू शकतो. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर तिथे गाडी सुरू करायची नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही, आणि अँटीफ्रीझ (गाडीच्या इंजिनातलं न गोठणारं द्रव), बर्फावर टाकायचं मीठ, उंदराचं औषध हे सगळं आधी उचलून कपाटात बंद करा.

आता तापमान. पाच ते दहा अंश पुरे. आपल्याला गारठा वाटतो म्हणून हीटर लावून २० अंश करायचा मोह होतो, तो टाळा, कारण उबेची सवय लागलेल्या कोंबडीला परत बाहेर सोडणं अवघड होऊन बसतं. हीट लॅम्प तर नकोच, भुसा आणि उडणारी पिसं असलेल्या जागेत तो पडला की आग लागते, आणि काही बल्बांवर त्या नॉनस्टिकसारखाच लेप असतो.

मोठा कुत्र्याचा पिंजरा किंवा जाळीचा कप्पा चालतो, दर कोंबडीमागे निदान चार चौरस फूट धरा. खाली ताडपत्री आणि तिच्यावर चार ते सहा इंच पाइनच्या ढलप्या, सीडरच्या नाही, त्यांच्या उग्र वासाने श्वासाला त्रास होतो. रोज सकाळी बसायच्या दांडीखालची शिट उचला आणि मग गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. अमोनिया तिथे आधी कळतो, आपल्याला उभं राहून वास येईपर्यंत तिला कधीचा त्रास सुरू झालेला असतो. भुशाची मूठ दाबली आणि हाताला ओल लागली की तेवढा भाग काढून नवीन टाका. गावाकडे कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकतात, ते तिथे बरोबर आहे कारण डालग्यातून हवा खेळते, इथे पिंजऱ्यावर जाड ब्लँकेट चारी बाजूंनी गुंडाळलं तर आतली सगळी वाफ आतच राहते. एक बाजू उघडी ठेवा.

बसायला दांडी हवीच. दोन बाय चार इंची लाकडी पट्टी रुंद बाजू वर करून लावा, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात, बारीक गोल दांडीवर बोटांची टोकं उघडी पडतात.

खाण्याचं फार काही नाही. नेहमीचाच लेयर फीड, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, रोजचा साधारण १२० ग्रॅम दर कोंबडीला, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, आणि झोपायच्या आधी मूठभर मका. पाणी मात्र खोलीतल्या तापमानाचं आणि भांडं पाठीच्या उंचीवर, नाहीतर उकरून उकरून सगळा भुसा त्यात जातो आणि सांडून ओल होते ती वेगळीच. एका टबमध्ये कोरडी माती आणि वाळू ठेवा, त्यात लोळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, घरभर धूळ होते ती मात्र सहन करायची. अंडी कमी झाली तर काळजी नको, दिवस लहान झाला की अंडी थांबतातच, जबरदस्तीने रात्रभर लाइट लावू नका, त्यांना सलग झोप हवी.

रोज एकदा तुरा नीट बघा. गोठायला लागला की टोकं आधी पांढरट-करडी पडतात, मग काळी. चोळायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, कोंबडी आत आणून हळूहळू ऊब येऊ द्या. काळं झालेलं टोक ओरबाडू नका, ते आपोआप गळतं आणि तोपर्यंत खालच्या कातडीला तेच सांभाळतं. पाय सुजले किंवा कोंबडी डोळे मिटून, शेपटी पाडून बसली तर पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन करा.

बाहेर सोडताना घाई नको. जरा ऊन असलेल्या दुपारी दोन-तीन तास, असे काही दिवस, मग रात्रभर. इतके दिवस दूर राहिलेल्यांना बाकीच्या कोंबड्या नव्याने टोचतात, दोघी एकत्र परत गेल्या तर तो मार वाटला जातो, आणि म्हणूनच सुरुवातीला जोडीने आणा म्हटलं. थोडी टोचाटोची चालू द्या, पण रक्त दिसलं की त्या क्षणी तिला वेगळी काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या पुन्हा पुन्हा तिथेच टोचत राहतात.