आई-बाबांसाठी केअर सेंटर बघताय? खोलीच्या आधी मावशींची ड्युटी आणि पगार विचारा

पुण्यात आता धायरी, वारजे, कात्रज, वाघोली, तळेगाव कुठेही जा, वृद्धाश्रम, नर्सिंग केअर, असिस्टेड लिव्हिंग अशा पाट्या दिसतातच. मुलं परदेशात, नाहीतर इथेच पण दोघंही नोकरीला, आणि आईचं खुब्याचं हाड मोडलं किंवा बाबांना पॅरालिसिसचा झटका आला की आठ दिवसांत जागा शोधायची वेळ येते. मग आपण बघतो काय, तर खोली हवेशीर आहे का, बाग आहे का, जेवण कसं, डॉक्टर कधी येतात, महिन्याचे किती. ज्या बाईच्या हातात आई दिवसरात्र असणार तिच्याबद्दल मात्र एक प्रश्न विचारत नाही. पेशंट किती, सेवा करणाऱ्या मावशी किती आणि त्या मावशीला हातात किती पडतात, एवढं कळलं ना की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. माझ्या सासूबाई बराच काळ अशाच एका सेंटरला होत्या, नाव घेत नाही, तिथे जाऊन-येऊन आणि मावशींशी बोलून जे कळलं ते लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी संख्या. "तुमचा स्टाफ किती आहे" असं विचारू नका, कारण त्यात ऑफिसमधली मॅडम, स्वयंपाकाच्या काकू, ड्रायव्हर, वॉचमन सगळे मोजून "आमचा पंचवीस जणांचा स्टाफ आहे" असं उत्तर येतं आणि आपण खूश. विचारायचं असं: आत्ता ह्या मजल्यावर किती पेशंट आहेत, त्यातले पूर्ण बेडवर किती, आणि आत्ता ड्युटीवर मावशी आणि मामा (म्हणजे पुरुष मदतनीस) किती? आणि रात्री ११ ते सकाळी ६ किती? मग सरळ सांगायचं की ह्या आठवड्याचा ड्युटी चार्ट दाखवा. चार्टवर एकच नाव दिवसाला पण आणि रात्रीला पण दिसलं तर ती डबल ड्युटी, म्हणजे ती बाई २४ तास उभी आहे. असं एखाद्या वेळी होतं, कुणाचा खाडा पडतो, समजू शकतो, पण आठवड्यात चार ठिकाणी दिसलं तर तिथे माणसंच कमी आहेत असं धरून चाला.

आता किती पुरेसे? मोजायला एक माप घ्या. अमेरिकेत २०२४ मध्ये नर्सिंग होमसाठी सरकारने नियम काढला होता की प्रत्येक पेशंटमागे दिवसाला कमीत कमी ३.४८ तास सेवा मिळाली पाहिजे आणि त्यातले २.४५ तास मदतनीसांचे, म्हणजे आपल्या भाषेत मावशींचे. तो नियम पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या एका कोर्टाने रद्द केला, संस्थाचालकांचं म्हणणं होतं की एवढी माणसंच मिळत नाहीत. तो आपल्याला लागू नाहीच, पण हिशोबाला आकडा चांगला आहे. ३० पेशंट असतील तर ३० गुणिले २.४५ म्हणजे साधारण साडेत्र्याहत्तर तास, १२ तासांच्या ड्युटीने दिवसरात्र मिळून सहा मावशी पूर्ण आणि वर थोडं. आता समजा तुम्ही बघताय तिथे दिवसा तीन आणि रात्री एक आहे, तर झाले ४८ तास, भागिले ३०, एका माणसाच्या वाट्याला दिवसभरात ९६ मिनिटं. त्यात तोंड धुणं, स्पंजिंग, डायपर, कपडे, तीन वेळचं भरवणं, औषधं, खुर्चीत बसवणं, सगळं आलं.

रात्रीचं तर अजून वाईट. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना बेडसोर होतात आणि एकदा जखम खोल गेली की भरता भरत नाही. दहा पेशंट बेडवर असतील आणि १२ तासांची रात्र असेल तर सहा फेऱ्या, म्हणजे साठ वेळा वळवणं. एका वेळेला डायपर बघून, चादर सरळ करून पाचेक मिनिटं धरली तरी पाच तास निव्वळ हेच काम. आणि हे काम खरं तर दोघींचं आहे, एकीने खांदा धरायचा एकीने कंबर, खालच्या आडव्या चादरीला दोन्ही बाजूंनी धरून हळूच सरकवायचं. एकटी मावशी ७०-७५ किलोच्या आजोबांना वळवते तेव्हा गुडघा पलंगाच्या कडेला टेकवते, चादरीचं टोक मनगटाला गुंडाळते आणि ओढते. आजोबांची कातडी घासते आणि तिची कंबर जाते. त्यामुळे पुढे एखाद्याला बेडसोर झाला की "मावशी लक्ष देत नाही" म्हणण्याआधी त्या रात्री ती एकटी होती का हे नक्की विचारा.

जायचं कधी हे पण महत्त्वाचं आहे. रविवारी सकाळी ११ ला जाऊ नका, तेव्हा सगळे आंघोळ करून, पावडर लावून बसलेले असतात. दुपारी १२:३०-१ ला जा, जेवणाच्या वेळी. नीट गिळता न येणाऱ्या किंवा डिमेन्शियाच्या माणसाला भरवायला अर्धा तास सहज लागतो, एका मावशीकडे असे सहा जण असतील तर तीन तास झाले, ते कुणाकडे असतात? मग होतं काय तर मोठे मोठे घास, वरणभात पातळ करून भराभर, ठसका लागला की पाणी, आणि अर्धं ताट परत. ठसक्याने अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून हे बघणं फार गरजेचं आहे. नळीने फीड देत असतील तर डोक्याकडची बाजू उचलून ठेवलीय का आणि फीड झाल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवतात का हे बघा, घाईत सगळ्यात आधी हेच सुटतं.

दुसरी वेळ म्हणजे ड्युटी बदलायची, बहुतेक ठिकाणी सकाळी ८ आणि रात्री ८. नवीन मावशी आल्याशिवाय जुनी निघते का, दोघी पेशंटपाशी उभ्या राहून काय झालं ते बोलतात का? आणि पलंगाला लावलेला कूस बदलायचा कागद असेल तर तो हातात घेऊन बघा. दुपारी चार वाजताच सहाची आणि आठची टिक केलेली असेल, सगळ्या टिका एकाच पेनाने एका दमात ओढलेल्या असतील, तर काम कागदावर झालंय. हे मी स्वतः पाहिलंय. ओठ कोरडे आहेत का, नखं, टाचा, लघवीची पिशवी गच्च भरलीय का, बेल दाबल्यावर किती वेळाने कुणी येतं, हे पण दोन मिनिटांत कळतं.

अजून एक खास पुण्याचा प्रश्न विचारा: गणपती विसर्जनाच्या दिवशी इथे किती माणसं होती? रस्ते बंद, बस वळवलेल्या, मावशी येते जनता वसाहतीतून नाहीतर अप्पर इंदिरानगरवरून, ती पोचणार कशी? पालखी पुण्यात असते तेव्हा पण तेच, आणि दिवाळीत आणि मे महिन्यात अर्ध्या मावशी गावाला जातात. ज्या सेंटरकडे ह्याचं ठरलेलं उत्तर आहे (बदली मावशी कोण, राहायची सोय काय, त्या दिवसाचे जादा पैसे किती) तिथे विचार केलेला आहे. "होतं मॅनेज" म्हणाले तर समजून घ्या.

आता पगार. हा प्रश्न विचारायला लोकांना ऑकवर्ड वाटतं आणि मालकालाही आवडत नाही, पण तुम्ही महिन्याला एवढे पैसे भरणार आहात, तुम्हाला विचारायचा अधिकार आहे. आवाज न चढवता विचारा, "सर, मावशींना हातात किती पडतात, ८ तासांचे की १२ तासांचे? आठवड्याची सुट्टी पगारी आहे का? पीएफ, ईएसआय आहे का? त्या तुमच्याकडे आहेत की ब्युरोकडून?" ह्या चार प्रश्नांत सगळं येतं (ब्युरो म्हणजे मावशी पुरवणारी एजन्सी, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा). समजा उत्तर आलं १२ हजार, १२ तास, सुट्टी नाही, तर महिन्याचे ३६० तास झाले आणि तासाला पडले ३३ रुपये. ह्या पैशात पुण्यात खोलीभाडं देऊन कोण टिकेल? दुसऱ्या सेंटरने हजार रुपये जास्त दिले की ती जाणार आणि तिने जावंच. आणि मग तुमच्या आईला दर दोन महिन्यांनी नवीन हात, कोणती कुशी दुखते, कोणतं औषध कडू लागतं म्हणून थुंकते, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून "सगळ्यात जुनी मावशी किती वर्षांपासून आहे" हा प्रश्न पण विचाराच.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या, बोलताना उपयोगी पडतं. महाराष्ट्रात किमान वेतन मूळ वेतन अधिक विशेष भत्ता असं असतं, भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल आणि परिमंडळ (म्हणजे कामाची जागा कोणत्या भागात येते) ह्याप्रमाणे दर ठरतात, ते कामगार विभागाच्या वेबसाइटवर टाकलेले असतात. तो दर रोजच्या ८ तासांचा असतो, वरच्या तासांना ओव्हरटाइम दुप्पट दराने. म्हणजे १२ तासांची ड्युटी लावून ८ तासांचं किमान वेतन दिलं आणि "आम्ही नियमाप्रमाणे देतो" म्हटलं तर ते खरं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता लागू झालीय, तिच्यातही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि ब्युरोने पगार बुडवला तर ज्याच्या जागेत काम केलं त्या मालकावर जबाबदारी येते. "ती ब्युरोची आहे, आमचा संबंध नाही" हे ऐकून गप्प बसायचं नाही.

ईएसआय १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, पगार २१ हजारांपर्यंत असला तर मावशीच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. ह्यात आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळू शकतो वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि ज्या कामात कंबर जाते त्या कामाला हे नसणं म्हणजे अन्याय आहे, दुसरा शब्द नाही. पीएफ २० माणसांपासून पुढे, दोन्हीकडून १२-१२ टक्के. पगारातून कापतात पण भरत नाहीत अशीही तक्रार ऐकायला मिळते, तेव्हा मावशीला सांगा की यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) मागून घ्या, सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक दिसतं. मुलाला किंवा सुनेला सांगून पाच मिनिटांत बघता येतं.

मावशीशी बोलायचं असेल तर सुपरवायझरसमोर नको. बाहेर व्हरांड्यात, "मावशी, जेवलात का? आज कितीपासून आहात?" एवढंच विचारा. "काल रात्रीपासून आहे ओ ताई, रेखाच्या पोराला बरं नाही म्हणून तिची पण मीच करते" असं सहज निघतं. हे ऐकलेलं ऑफिसात तिचं नाव घेऊन सांगू नका, प्लीज. तिची नोकरी जाते आणि पुढची मावशी तुमच्याशी तोंड उघडत नाही. तक्रार करायची तर चार्टवर जे दिसलं त्यावर करा, तारीख आणि वेळ घालून, ईमेलने. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

हळूच शंभर-दोनशे हातात ठेवायची पद्धत आहे ना, ती मला पटत नाही. त्यातून मावशीचा पगार वाढत नाही, फक्त ज्याचे नातेवाईक येतच नाहीत त्या आजींची बेल सगळ्यात शेवटी ऐकू येते. द्यायचंच असेल तर दिवाळीला सगळ्या घरांनी मिळून, सगळ्यांना सारखं, रात्रपाळीच्या मामांना पण, आणि उघडपणे. शिवाय बक्षिसी वेगळी आणि बोनस वेगळा. २० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस आहे, तो मालकाने द्यायचा.

खरा फरक पडतो तो नातेवाईक एकत्र आल्यावर. व्हॉट्सॲप ग्रुप करा, सेंटरचा नव्हे, आपला. आणि मागणी "स्टाफ वाढवा" एवढीच न ठेवता आकडा घेऊन जा. समजा ३० पेशंटच्या ठिकाणी रात्रीच्या दोन जादा मावशी हव्यात, प्रत्येकी ८ तास, १८ हजार पगार, तर झाले ३६ हजार, मालकाचा पीएफ-ईएसआय धरून साधारण ४२ हजार, एका घरामागे १४०० रुपये. हे मांडल्यावर मालकाला "परवडत नाही" म्हणणं अवघड जातं, आणि नातेवाईकांतल्या निम्म्यांनी तरी हो म्हटलं तर बोलणी सुरू होतात. फक्त लिहून घ्या की हे १४०० मावशींच्या पगारालाच जातील आणि चार्ट दर महिन्याला दाखवला जाईल, कारण फी वाढते आणि मावशींच्या हातात तेवढेच पडतात असंही होतं. सगळ्यांना जास्तीचे पैसे जमणार नाहीत, पेन्शनवर भागवणारी घरं असतात, त्यांच्यावर जोर करू नका, मालकानेही त्यात वाटा उचलायला हवा असं स्पष्ट म्हणा.

मावशींना स्वतःला दाद मागायची असेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करता येतो, पुण्याचं ऑफिस शिवाजीनगरला वाकडेवाडीच्या बाजूला आहे. थकलेल्या पगाराचा दावा नवीन संहितेप्रमाणे ३ वर्षांच्या आत करायचा. त्यासाठी पुरावा लागतो आणि तो रोजचा रोज जमवायचा असतो: एका साध्या वहीत आल्याची-गेल्याची वेळ, हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो, पगार कॅश मिळाला तर तारीख आणि रक्कम, उचल घेतली तर ती किती आणि किती कापली. ह्या शहरात १९८० साली घरकामवाल्या बायकांनी पगार आणि आजारपणाच्या रजेसाठी संप केला होता आणि त्यातून संघटना उभी राहिली, तेव्हा एकटीने जायची भीती वाटत असेल तर चारजणी मिळून संघटनेकडे जा, त्यांना अर्ज लिहायची सवय असते.

आणि पेशंटचे खरोखर हाल होत असतील, मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, तर चार्ट-बिर्ट बघत बसू नका. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथे लगेच फोन करा, गरज पडली तर पोलिसात जा आणि आधी आपल्या माणसाला तिथून हलवा.

शेवटी ॲडमिशन फॉर्म. सही करायच्या आधी दोन ओळी वाढवून घ्या, पेनाने लिहिल्या तरी चालतील: दिवसा आणि रात्री ह्या मजल्यावर कमीत कमी किती मावशी असतील तो आकडा, आणि त्यापेक्षा कमी झाल्या तर नातेवाईकांना त्याच दिवशी कळवतील. खाली त्यांची सही आणि शिक्का घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.