कमी खर्चात ड्रिफ्टची गाडी: जुनी प्रीमियर ११८ एनई कशी तयार कराल

ड्रिफ्टसाठी दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवर लागते, हा समज मोबाइलवरच्या क्लिप बघून पसरलेला आहे. मागची चाकं मुद्दाम घसरवायची, पुढची उलट्या दिशेला वळवायची आणि गाडी आडवी चालती ठेवायची, एवढंच तर ड्रिफ्ट. मागच्या टायरांची पकड जितकी कमी, तितकी कमी ताकद पुरते. टायर बारीक आणि टणक असेल, जमीन ओली असेल, तर पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिनही काम भागवतं. म्हणून पैसा इंजिनात ओतू नका. गाडी बंद पडू नये आणि चालवणारा जागेवर घट्ट बसावा, यावर तो खर्च करा.

अट एकच, ओढ मागच्या चाकांना हवी. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका या सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या, त्यामुळे बाद. (मागच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ट्रे अडकवून ओल्या मैदानात अशी गाडीही आडवी नेता येते. मजा येते, पण तो वेगळा खेळ.) मग स्वस्तात उरतं काय? ओम्नीला ओढ मागेच आहे, पण ती उंच आणि अरुंद. आडवी केली तर उलटायला वेळ लागणार नाही. जिप्सीचंही तेच. काँटेसा चांगली, पण तिला आता शौकिनांचे भाव आलेत. पद्मिनीत बहुतेक वेळा गियरची दांडी स्टिअरिंगला आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. हौस म्हणून ठीक.

माझं मत प्रीमियर ११८ एनईला. १९८५ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुळात फियाट १२४. त्यात निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन, जेमतेम ५२ हॉर्सपॉवरचं. गियर खाली, ओढ मागे, मागचा ॲक्सल अखंड आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. याच फियाट १२४ वरून रशियात तोल्याती इथे १९७० पासून लाडा बनली, आणि तिकडची पोरं गोठलेल्या तळ्यांवर वर्षानुवर्षं त्याच गाड्या आडव्या पळवतात. त्यांच्या बहुतेक युक्त्या आपल्याला चालतात. मात्र लाडाचा पार्ट ११८ ला जसाच्या तसा बसेल असं धरून मागवू नका, रशियनांनी मूळ गाडीत बरेच फेरफार केले होते.

कायदा आणि जागा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पुढे सांगितलेले बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, आणि डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरपेटी) वेल्ड केलेली तर कायदा नसता तरीही नाही. ती फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर) घालून बंदिस्त जागी न्यायची आणि तशीच परत आणायची. ट्रॅकवाल्यांशी आधी बोलून घ्या. ड्रिफ्टला सगळेच परवानगी देत नाहीत. घाटातलं वळण, रात्रीचा रिकामा हायवे, सोसायटीचं पार्किंग यातली एकही जागा बंदिस्त नाही.

गाडी बघताना पत्रा बघा

इंजिन धूर मारत असेल तर रिंग-पिस्टन टाकता येतात. पत्रा सडलेला असेल तर मात्र हात जोडून निघा. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर जास्तच संशय धरा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्याखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. मग गाडी रॅम्पवर घ्या. मागच्या ॲक्सलचे दांडे तळाच्या पत्र्याला जिथे बोल्टने बसतात, ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. ड्रिफ्टमध्ये सगळा झटका तिथेच येतो. ताजं काळं डांबर फासलेलं दिसलं, तर ते का फासलं हे मालकाला विचारा आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

मूळ रंगातली, एका हातातली, कागद जागेवर असलेली ११८ मिळाली तर तिला कापू नका. तशा फार उरलेल्या नाहीत. आपल्याला हवी ती खरचटलेली, सीट फाटलेली, पण हाडं शाबूत असलेली.

आधी गाडी थंड ठेवा

आडव्या गाडीत रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, इंजिन मात्र वरच्या आरपीएमला ओरडत असतं. त्यामुळे पहिला खर्च रेडिएटरवर. कोअर बदला, होस आणि थर्मोस्टॅट नवे टाका, इलेक्ट्रिक पंखा बसवून त्याचं बटण डॅशबोर्डवर घ्या. तापमानाचा काटा नीट चालतो का, ते आधी तपासा.

पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर सगळे बदला. बॅटरी पट्टीने नाही, बोल्टने आवळा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका कडेला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. कार्बोरेटरमध्येही तसंच होतं. पेट्रोल एका बाजूला लोटलं की गाडी अडखळते, म्हणून फ्लोटची (आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हल जाणकाराकडून लावून घ्या. नवी क्लच प्लेट टाका. इंजिनावर एवढंच. फिल्टर, सायलेन्सर, स्टिकर हे सगळं नंतर, जमलं तर.

सीट आणि बेल्ट

मूळ सीटवर बसून ड्रिफ्ट करणारा स्टिअरिंगला लोंबकळतो. गाडी एकीकडे जाते, अंग दुसरीकडे, आणि ज्या हातांनी गाडी सावरायची त्याच हातांनी तो स्वतःला सावरत बसतो. म्हणून कुशीला धरणारी बकेट सीट, चार बिंदूंचा बेल्ट, चांगलं हेल्मेट आणि हाताशी आग विझवण्याचं सिलिंडर, या चार गोष्टींत काटकसर नको. सीटचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घालू नका, खालून जाड लोखंडी पट्टी द्या. खांद्याचे पट्टे फार खाली बांधले तर धक्क्यात मणक्यावर दाब येतो. ते खांद्याच्या पातळीवरून मागे जायला हवेत. रोल बार लावणारच असाल तर तो मोटरस्पोर्टचं काम करणाऱ्याकडूनच. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडून करून घेतलेला बार नसलेला बरा.

डिफरन्शियल वेल्ड करणं

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये वळताना ज्या चाकावर भार कमी, तेच गरागरा फिरतं आणि दुसरं नुसतं सोबत येतं. गाडी आडवी राहायला दोन्ही चाकं एकदम फिरावी लागतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकाच चाकाला मोकाट फिरू न देणारं) हा त्यावरचा महागडा उपाय, आणि या गाडीसाठी तो मिळणंही अवघड. गरिबाचा उपाय म्हणजे आतले गियर एकमेकांना वेल्ड करून टाकणं.

ऑइल काढा, प्रॉपशाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा) सोडा, दोन्ही बाजूंचे ॲक्सल बाहेर ओढा आणि डिफरन्शियल काढून टेबलावर घ्या. सुटं करण्याआधी बेअरिंगच्या प्रत्येक कॅपवर पंचने खूण करा. कुठला शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कुठल्या बाजूचा, याचा फोटो काढून ठेवा. क्राउन व्हील (सगळ्यात मोठा दातेरी गियर) सोडून बाजूला ठेवा, बेअरिंग ओढून काढा. उरलेला भाग रॉकेलने धुवा, मग गरम पाण्यात साबण घालून पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळवा. वेल्डिंगआधी ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनचं द्रावण असतं आणि त्यावर वेल्डिंग केलं तर विषारी वायू निघतो. हे काम उघड्यावरच करा.

वेल्डर निवडताना गेट-ग्रिलवाला नको, जेसीबीची बकेट आणि शाफ्ट जोडणारा शोधा. गियरचं पोलाद कडक असतं. थंड असतानाच वेल्ड केलं तर टाका बाहेरून सुंदर दिसतो आणि आतून तडकतो. म्हणून आधी गॅसच्या ज्योतीने भाग सगळीकडून सारखा तापवायचा, ७०१८ चा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायचा आणि छोटे छोटे टाके समोरासमोर घेत जायचं. छोटे गियर मोठ्यांना, आणि जमेल तिथे केसिंगलाही. अर्थिंगचा चिमटा थेट त्याच भागावर लावायचा. काम झाल्यावर पाणी ओतणं नाही, फुंकर नाही. कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचे उडालेले मणी छिन्नीने एकेक काढा, कारण त्यातला एक जरी क्राउन-पिनियनच्या दातात गेला तरी काम तमाम.

नंतर बेअरिंग, शिम जागच्या जागी, बॅकलॅश (गियरच्या दातांमधली सैल जागा) डायल गेजने तपासायचा आणि ८०डब्ल्यू-९० चं जीएल-५ ऑइल भरायचं. प्रॉपशाफ्टचे क्रॉस जॉइंट त्याच वेळी नवे टाका. आता गाडी हळू वळतानाही टायर चिरकतील आणि नाक सरळ जायला बघेल. हा बिघाड नाही, आता ती अशीच वागणार.

स्टिअरिंग

गाडी जितकी आडवी जाते, तितकी पुढची चाकं उलटी वळावी लागतात. मूळ स्टिअरिंग तिथे कमी पडतं. पण आधी स्टिअरिंग बॉक्सचा लूज काढा, आयडलर आर्मचा बुश आणि टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या) एन्ड नवे टाका. एवढ्याने अर्धी भीती जाते. मग चाक शेवटपर्यंत वळवून बघा, नक्की कुठे अडतं. लोखंडी स्टॉपर थोडा घासून काही अंश मिळतात. प्रत्येक वेळी दोन गोष्टी तपासा: टायर ब्रेकच्या होसला लागत नाही ना, आणि टाय रॉड व स्टिअरिंग आर्म एका रेषेत येत नाहीत ना. ते एका रेषेत आले की चाक तिथेच अडकतं आणि परत फिरत नाही. आर्म कापून, जोडून आखूड करणारे महाभाग आहेत. वेल्ड केलेल्या स्टिअरिंग आर्मच्या गाडीत मी बसत नाही.

सस्पेन्शन, टायर, हँडब्रेक

चारही शॉक ॲब्सॉर्बर नवे, बुश नवे. स्प्रिंगा कापू नका. कापलेली स्प्रिंग उडीत जागा सोडते. पुढे दोन अंशांच्या आसपास उणे कॅम्बर (चाकांची वरची बाजू आत कललेली) आणि किंचित टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली), तेही अलाइनमेंटवाल्याकडून.

पुढे चांगले, पकड देणारे टायर. मागे बारीक, टणक, जुने, पण तार न दिसणारे. मागची जोडी एकाच मापाची आणि सारखी झिजलेली हवी, कारण आता दोन्ही चाकं एका आसावर जखडलेली आहेत. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवा पट्टा चढवलेला) नको, पट्टा सुटला तर मडगार्ड घेऊन जातो. मागची हवा थोडी जास्त ठेवा, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत.

हायड्रॉलिक (केबलऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) हँडब्रेकची घाई नको. मागचे ब्रेक शू नवे टाकून केबल नीट ओढली तरी चाकं लॉक होतात. लीव्हरचं बटण दाबलेलंच राहील अशी कॉलर बसवली की ओढून सोडता येतो. गाडी उभी करताना ती काढायला विसरू नका.

पहिला दिवस

जमीन ओली करून घ्या. पाण्याने पकड इतकी उतरते की सगळं कमी वेगात शिकता येतं आणि टायरही वाचतात. मधे प्लॅस्टिकचा एक कोन (शंकू) ठेवून दुसऱ्या गियरमध्ये त्याच्याभोवती गोल फिरा. मागची चाकं सुटेपर्यंत ॲक्सिलरेटर द्या, सुटली की नजर जायचंय तिकडे आणि स्टिअरिंग हातातून आपसूक फिरू द्या. गोल जमला की दोन कोन आणि इंग्रजी आठ. क्लच झटक्यात सोडून चाकं सोडवणं, हँडब्रेकने आत फेकणं हे त्यानंतर. शेजारी बघे उभे करू नका.

दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा. बॉनेट उघडून पंखा चालू ठेवा, चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा, खाली वाकून मागच्या दांड्यांचे बोल्ट बघा. पहिल्या दिवसानंतर डिफरन्शियलचं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. बारीक चंदेरी चकाकी चालते. नखाएवढा तुकडा निघाला तर डिफरन्शियल परत टेबलावर.